दगडाचा उजवा हात

जयवंताला डोंगर चढायची हौस कधीच नव्हती. लहानपणी गावी गुरं राखायला सड्यावर, गावामागच्या खडकाळ माळावर, जावं लागे म्हणून जायचा. मुंबईत आल्यावर गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, रांगांमधून इतकी वर्षं येरझाऱ्या घातल्या की सुटीच्या दिवशी पाय उंबऱ्याबाहेर पडायला तयार नसत. तरी त्या ऑक्टोबरातल्या रविवारी तो सकाळीच मुलुंड कॉलनीच्या मागचा डोंगर चढत होता. हातातल्या पिशवीत नारळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तगरीची फुलं आणि पाण्याची बाटली होती. मागून त्याची बायको मालन येत होती, आणि पुढे गळ्यात दुर्बीण अडकवलेले विद्याधर साहेब चालले होते. साहेबांना वाट माहीत होती, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

जयवंताला डोंगरावरच्या राखणदार देवाला कौल लावायचा होता.

त्याचं असं झालं. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं उलटून गेली होती. गिरणी गेली, लालबागची खोली भावाभावांच्या वाटणीत गेली, आणि जयवंत मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका चाळीत येऊन पडला. विद्याधर साहेब राहत त्या सोसायटीत त्याला वॉचमनची नोकरी मिळाली. मालन औषधांच्या एका कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायला जाऊ लागली. मुलगी सुलक्षणा आधीच लग्न होऊन विरारला गेली होती. म्हणजे आता राहिली ही दोघंच. आणि या दोन वर्षांत असा एक दिवस गेला नसेल की जयवंताने जेवायला बसताना सुस्कारा टाकून म्हटलं नाही, "छ्या, गावाक जावया आता. हय काय आसा?"

असं म्हणायला काही पैसे पडत नाहीत. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा कुणी खरंच या म्हणतं. गणपतीनंतर त्याचा चुलतभाऊ धोंडिराम मुंबईला आला आणि चहा पिता पिता सरळ म्हणाला, "जयवंता, तुझ्या वाट्याची जमीन किती वर्सां पडीक ठेवतलंस? येऊन कर, नायतर मी करतंय. पण मग मागाहून माझी म्हणून येव नको. दिवाळीक काय ता सांग." जयवंत म्हणाला, "सांगतंय," आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

तसा या प्रश्नाला गावी सोपा उपाय होता. देवळात जायचं, गुरवाला सांगायचं. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही. पण तिथे गाऱ्हाणं मोठ्याने घालावं लागतं आणि सगळी भावकी भोवती उभी असते. 'माझ्या गावात येऊ की नको' हे धोंडिरामाच्या समोर देवाला विचारायचं, याची जयवंताला लाज वाटली. मग चाळीतल्या गुणाजीने सांगितलं की डोंगरावर एक पाषाण आहे, मुलुंडची आपली सगळी माणसं तिथेच जातात, त्याच्या मुलाच्या नोकरीचा कौल तिथेच लागला होता.

आता हे विद्याधर साहेबांच्या कानावर कशाला घालायचं? पण जयवंताने सोसायटीच्या तगरीची फुलं तोडायची परवानगी मागितली, आणि साहेबांनी कशासाठी ते विचारलं. झालं. साहेब एका बँकेत अधिकारी होते आणि दर रविवारी डोंगरात भटकायचे. बायको मृणालिनीबाई त्यांच्याबरोबर एकदाच गेल्या होत्या, पुन्हा गेल्या नाहीत. ऐकायला नवीन माणूस मिळाल्याचा साहेबांना इतका आनंद झाला की जयवंताला नाही म्हणता येईना.

"हे बघ जयवंत, या डोंगराला तू साधासुधा समजू नकोस," साहेब चढता चढता सांगत होते. "पलीकडे कान्हेरी. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी. कल्याणहून सोपाऱ्याला जाणारे व्यापारी इथून कुठूनतरी जात असणार. मग पोर्तुगीज आले. मग इंग्रज. इंग्रजांनी विहार तलाव बांधला तेव्हा खालची वस्ती उठवली. सगळं या मातीत आहे, वहिनी."

मालन "हो का" म्हणाली. ती चप्पल हातात घेऊन चालत होती, कारण साहेब ज्याला वाट म्हणत होते तो ओढ्याचा कोरडा पाट होता.

थोड्या वेळाने त्या पाटाचे दोन फाटे फुटले. साहेबांनी दुर्बीण लावून पाहिलं आणि डावीकडे वळले. डावा फाटा करवंदीच्या जाळीत जाऊन संपला. मग ते मागे फिरले, उजवीकडून गेले, तर पुन्हा त्याच जाळीच्या दुसऱ्या अंगाला आले. साहेब म्हणाले, पावसाळ्यात वाटा बदलतात. जयवंताच्या मनात आलं, आपण कौल मागायला निघालोय आणि देवाने आत्तापासूनच गंमत सुरू केली आहे.

अखेर एक पाडा लागला. चार झोपड्या, आणि उतारावर भाताची लहान लहान खाचरं. भात पिकून पिवळं झालं होतं, काही खाचरांत कापून आडवं पसरलं होतं. वरच्या बाजूला वरीचा तुकडा होता. जयवंत बांधावर थांबला. कापलेल्या भाताचा तो वास नाकात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. अठराव्या वर्षी हा वास सोडून तो आला होता. त्याने वाकून एक लोंबी हातात घेतली, दाणा दाताखाली फोडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दाणा तयार झालाय की अजून कच्चा आहे हे आपल्याला सांगता येत नाही. वडील दाताखाली धरताच सांगायचे. साच्यावर सूत तुटलं तर तो अंधारातही जोडू शकला असता, पण हे त्याला येत नव्हतं. त्याने लोंबी गुपचूप खिशात टाकली.

खाचरात एक म्हातारी भात कापत होती. जयवंताने तिला पाषाणाची वाट विचारली. तिने विळ्यानेच वर दाखवलं. मग म्हणाली, "देवाला चाललात? कुठल्या अंगाला बसणार?"

"कुठल्या म्हणजे?"

"आमची माणसं तळ्याच्या अंगाला बसतात. देवाचं तोंड तळ्याकडं आहे. त्याचं गाव तिथं होतं ना, पाण्यात गेलं." तिने आणखी एक मूठ भात कापलं. "पण माझ्या माहेरचे लोक खाडीच्या अंगाला बसायचे. ते म्हणायचे तोंड तिकडं आहे. आता देवालाच ठाऊक."

"इंटरेस्टिंग," विद्याधर साहेब म्हणाले. जयवंताला त्यात इंटरेस्टिंग काही वाटलं नाही. तो मनात उजवं-डावं लावून पाहू लागला. लहानपणी देवळात तो गर्दीच्या मागे उभा असायचा. गुरव ओरडून सांगायचा, "उजवो दिलो." पण तो उजवा म्हणजे देवाचा उजवा, की समोर बसलेल्या गुरवाचा? देव आणि माणूस समोरासमोर बसले तर एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा. इतकी साधी गोष्ट, आणि एवढ्या वर्षांत ती कुणाला विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. गुणाजीलाही त्याने विचारलं नव्हतं.

"गो, उजवो म्हणजे देवाचो काय आपलो?" त्याने चालता चालता मालनला हळूच विचारलं.

"गुरवाक म्हायत," मालन म्हणाली. "चला, ऊन वाढता हा."

माथ्यावर पोचले तेव्हा वारा सुटला होता. पाषाण एका मोकळ्या सपाटीवर होता, गुडघाभर उंचीचा, काळा, चौकोनीसा. दोन्ही अंगांना शेंदूर फासलेला होता आणि दोन्हीकडे नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. म्हणजे म्हातारी खोटं सांगत नव्हती.

पण माथा असा होता की जयवंत क्षणभर कौल विसरला. पूर्वेला खाली मुलुंड, कारखान्यांची धुराडी, त्यापलीकडे मिठागरांचे आरशासारखे चौकोन आणि खाडी. दक्षिणेला दूर ट्रॉम्बेची टेकडी, आणि तिच्या पायाशी अणुभट्टीचा पांढरा घुमट, उपडी घातलेली वाटी असावी तसा. पाठ फिरवली की पश्चिमेला नुसतं रान, रानात विहार आणि तुळशीचं पाणी, आणि पार टोकाला बोरिवली-कांदिवलीच्या इमारतींची धुरकट रेघ. मालनने खाडीच्या बाजूला बोट दाखवलं. "ती लाल कौलांची शेड दिसता? ती आमची कंपनी." एवढं म्हणून तिने तोंड फिरवलं. जयवंताला वाटलं, वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली असेल.

बराच विचार करून तो खाडीच्या अंगाला बसला, कारण मुलुंडहून चढून येणारा गुणाजी तिथेच बसला असणार. पाषाण धुतला, नारळ ठेवला, आणि आपल्याकडच्या बाजूला वरच्या दोन कोपऱ्यांवर तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. लगेच वाऱ्याने दोन्ही उडाल्या. पुन्हा चिकटवल्या, पुन्हा उडाल्या.

"अरे जयवंत, यातून काय समजायचं?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय साहेब, वारो हा." तो मालनला म्हणाला, "तू पलीकडे ऱ्हव. पदर धर आडवो."

मालन पाषाणामागे जाऊन वाकून बसली आणि पदर पसरून तिने वारा अडवला. पाकळ्या टिकल्या. जयवंताने हात जोडले. गाऱ्हाण्याला प्रत्येक ओळीनंतर 'होय म्हाराजा' म्हणणारं माणूस लागतं, आणि ते मालनशिवाय दुसरं कोण होतं? म्हणजे हा प्रश्न तिच्यासमोर मोठ्याने विचारायचा होता. भावकीला चुकवून तो इथवर आला होता, पण बायको चुकवायची कशी, याचा विचार करायचाच राहून गेला होता. त्याने घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराच्या राखणदारा."

"होय म्हाराजा," मालन म्हणाली.

"गिरण बंद पडली, लेकरू लगीन होऊन वाटेक लागला. तुझ्या पायाशी येऊन आमी ऱ्हवलो."

"होय म्हाराजा." या खेपेला विद्याधर साहेबांनीही मागून म्हटलं.

"आता गावाक जावचा असात तर उजवो दी. हयसर ऱ्हवाचा असात तर डावो दी. आणि काय चुकला माकला असात तर पदरात घे म्हाराजा."

मालनने पदर पुन्हा सावरला. मग म्हणाली, "होय म्हाराजा."

जयवंताने डोळे मिटले. गावी असं डोळे मिटून उभं राहिलं की थोड्या वेळात गर्दीतून हुंकार यायचा आणि कळायचं की लागला कौल. इथे हुंकार देणारं कुणी नव्हतं. बराच वेळ काहीच झालं नाही. गुडघे दुखायला लागले. देव विचारात पडला असेल, किंवा झोपला असेल, किंवा त्याचं तोंड तिकडे असल्यामुळे त्याला ऐकूच गेलं नसेल. शेवटी जयवंताने एक डोळा किलकिला केला.

नेमक्या त्याच वेळी पदराच्या आडून हिरव्या बांगड्यांचा हात पाषाणाच्या कडेने पुढे आला. एका बोटाने कोपऱ्यावरची पाकळी हलकेच सरकवली आणि हात परत गेला. पाकळी खाली पडली.

जयवंताने घाईने डोळा मिटून घेतला. मग सावकाश दोन्ही उघडले, जणू काही पाहिलंच नाही. त्याच्या उजव्या हाताची पाकळी पडली होती.

"पडली," साहेब म्हणाले. "राइट. म्हणजे गावाला जायचं, नाही का?"

उजवा. गावाला. हे ऐकताच आपल्याला हायसं वाटेल असं जयवंताने दोन वर्षं गृहीत धरलं होतं. पण तसं काही झालं नाही. त्याला खिशातली लोंबी आठवली. सकाळी सोसायटीचं फाटक उघडताना दुधाला जाणारे म्हातारे 'काय जयवंतराव' म्हणतात ते आठवलं. गिरणीत त्याला राव कुणी म्हटलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त आठवलं ते मालनचं हसणं. सकाळी कंपनीतल्या बाया कोपऱ्यावर तिची वाट पाहत, आणि ती पोचली की तिथून जे हसणं ऐकू यायचं ते लालबागच्या खोलीत त्याने कधी ऐकलं नव्हतं. वॉचमनच्या केबिनमध्ये बसून तो रोज त्या हसण्याची वाट बघायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही त्याला वाटलं नव्हतं. आता या घटकेला त्याला लख्ख कळलं की गाव नको, धोंडिराम नको, आपल्याला इथेच राहायचं आहे.

पण मालनला काय हवं होतं? पाकळी तर तिने पाडली होती. देव राहिला बाजूला, हा कौल मालनचा होता. आणि तो त्याला वाचता येत नव्हता. त्याच्या उजव्या हाताचं धरलं असेल तर ती म्हणत होती, गावाला चला. पण ती समोर बसली होती, तिच्या हाताने ती डावी होती. मग ती म्हणत होती, इथेच राहू. देवाचं तोंड खाडीकडे धरलं तर देवाची डावी. म्हातारीच्या म्हणण्याप्रमाणे तळ्याकडे धरलं तर देवाची उजवी. जयवंताने मनातल्या मनात स्वतःला दगडाच्या जागी बसवून पाहिलं, एकदा या तोंडाने, एकदा त्या. त्याला गरगरल्यासारखं झालं. संसार होऊन इतकी वर्षं झाली, आणि बायकोचा उजवा हात कुठला हे त्याला माहीत नव्हतं.

तोवर विद्याधर साहेब पाषाणाभोवती फिरून, खाली बसून, नखाने शेंदूर खरवडून बघत होते. "मला वाटतं हा वीरगळ आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाही, नाही. इथे छिन्नीची खूण आहे. तलावाच्या हद्दीचा दगड असावा. तसं असेल तर जयवंत, याला तोंड नाहीच. एका बाजूला तलावाची हद्द, दुसऱ्या बाजूला गाव, एवढंच." पुन्हा विचार करून ते म्हणाले, "अर्थात वीरगळसुद्धा असू शकेल." आणि त्याहून चांगला काही पुरावा मिळतोय का ते पाहायला दुर्बीण सावरत ते सपाटीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

दोघंच राहिली. मालन पदर सावरून दगडापाशी बसली होती.

"तू पाडलंस," जयवंत म्हणाला.

तिने मान वर केली नाही. "बघलात?"

"बघलंय. खयचो म्हणान पाडलंस? उजवो काय डावो?"

"तुमच्या हाताचो उजवो. देवाचा माका काय म्हायत?"

म्हणजे गाव. जयवंताने विचारलं, "तुका गावाक जावक होया?"

"माका?" आता तिने वर पाहिलं. "तुमका होया ना? दोन वर्सां रोज जेवताना ताच आयकतंय. देव काय पाडी नाय, तुमी डोळे मिटून बसलास. म्हटलंय, डावो पडलो तर तुमी जलमभर कुढत ऱ्हवतलास. म्हणान पाडलंय."

"माका नाय जावचा," जयवंत म्हणाला. शब्द इतके सहज बाहेर आले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आत्ता पाकळी पडली तेवा कळला. माका हयच बरा वाटता. तुझ्यो मैत्रिणी कोपऱ्यार येतत, तू हसतंस, ता माका आयकाक येता. ता सोडून मी खय जाव?"

 मालनचा चेहरा हसल्यासारखा झाला आणि तसाच मोडला.

"मी काम सोडलंय," ती म्हणाली.

"काय?"

"कालच, शनिवारी. आमच्या मुकादम सुनंदाबाईक सांगून इलंय, दिवाळीपासून आमी गावाक जातो, माझ्या जागेर दुसरी बघा. धोंडिराम भावजी बोलले तेवाच माका वाटला, आता तुमी जातलासच. कौल लागल्यार मागाहून सांगूक उशीर नको, म्हणान आधीच सांगितलंय."

ती लाल कौलांची शेड खाली तशीच दिसत होती. जयवंताने तिकडे पाहिलं, मग मालनकडे, मग दगडाकडे.  ज्यासाठी राहायचं तेच गेलं होतं, आणि ते त्याच्या रोजच्या सुस्काऱ्यांनी घालवलं होतं.

"माका एकदा तरी इचारूचा होतंस," तो कसाबसा म्हणाला.

"मी?" मालनचा आवाज चढला. आता ती सरळ रडत होती, डोळे न पुसता. "मी इचारूचा? तुमका दोन वर्सांत इचारूक देव गावलो. डोंगरार चढून, नारळ घेऊन, साहेबाक वाट दाखवूक घेऊन तुमी देवाक इचारूक इलास. मी रोज समोर ताट घेऊन बसलेली आसतंय. मी नाय गावलंय?"

 जयवंत उठला, पिशवी उचलली, नारळ तिथेच राहू दिला. दुसरी पाकळी अजून कोपऱ्याला चिकटून होती. तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

"मालन," तो म्हणाला. एरवी तो तिला नावाने हाक मारत नसे. "तुका काय होया?"

 ती पदराने तोंड पुसून उभी राहिली.

"सुनंदाबाई खय ऱ्हवता ता माका ठावक आसा. आज रविवार, घरी गावतली. दुसरी बाई घेतली नसात अजून, तर तिका सांगाचा." ती चप्पल पायात घालायला लागली. "आणि घेतली असात तर मग काय ता बघूया. पण तुमी माझ्या वांगडा येवचा. आणि तोंडान बोलाचा. माझ्या मागे उबे ऱ्हवन डोळे मिटूचे नाय."

"चल," जयवंत म्हणाला.

विद्याधर साहेब लांबून हात करत येत होते. त्यांना उतरायची एक जवळची वाट सापडली होती, तळ्याच्या बाजूने. मालनने तिकडे लक्ष दिलं नाही. लाल कौलं नजरेसमोर ठेवून ती सरळ खाडीच्या अंगाने उतरायला लागली. जयवंत एकदा साहेबांकडे आणि एकदा तिच्याकडे बघून तिच्या मागे निघाला.